आधीं नक्कल, मग अस्सल

एखाद्या माणसाची नक्कल आधीं पाहावी आणि तो माणूस मागाहून भेटावा, असा योग फार थोड्यांच्या वांट्याला येतो. लग्नघरांत कोणी विनोदी पाहुणा एखाद्या वकिलाची ऐट करून दाखवितो; आपण पोट धरून हंसतों; आणि वर्षभरानें ते वकीलसाहेब खरोखरच आपल्या दारांत उभे राहतात. त्यांनीं नाक चिमटींत धरून ‘असं बघा’ म्हटलें कीं आपल्याला वाटतें, हे गृहस्थ त्या पाहुण्याचीच नक्कल करीत आहेत! अस्सल आणि नक्कल यांचा क्रम एकदां उलटा झाला म्हणजे तो पुनः सुलटा करणें कठीण जातें. माझ्या आयुष्यांत असा क्रम एका थोर ग्रंथाच्या बाबतींत उलटा झाला, आणि तो एका यंत्रानें केला.

गोष्ट १९८६ सालची. माझे एक मामा इंग्लंडांत डॉक्टर होते. त्या वर्षीं ते रजेवर आले तेव्हां आईसाठीं लोकरी शाल आणि नानांसाठीं दाढीचें सामान यांबरोबर त्यांनीं आम्हां दोघां भावांसाठीं एक काळी, चपटी पेटी आणली. तिच्यावर रबराच्या ४० कळा होत्या आणि एका कोपऱ्यांत चार रंगांचे तिरपे पट्टे होते. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें १९८२ सालीं विक्रीस काढलेला ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नांवाचा घरगुती संगणक तो हाच. त्या दशकांत हिंदुस्थानांतही ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नांवानें त्याची परवानाधारक आवृत्ति निघाली. परंतु आमच्या गिरगांवच्या चाळींत तोंवर असें यंत्र कोणीं पाहिलें नव्हतें. मामांच्या मुलाला दुसरें यंत्र मिळाल्यामुळें हें आमच्याकडे आलें होतें. थोरल्याचे कपडे धाकट्याला नवेच वाटतात, त्या न्यायानें आम्हांला तें अपूर्व वाटलें.

या यंत्राची स्मरणशक्ति ४८ किलोबाइटांची. नुसता आंकडा ऐकून बोध होणार नाहीं, म्हणून दुसऱ्या रीतीनें सांगतों. आजच्या प्रचलित पद्धतीनें देवनागरींतलें एक चिन्ह साठवावयाला तीन बाइट लागतात. म्हणजे वाचकांच्या हातीं असलेला हा एवढासा निबंध त्या यंत्राच्या डोक्यांत कोंबला असता, तर तेथें दुसऱ्या कशालाही फारशी जागा उरली नसती. एवढ्या अडचणींत लोक डोंगर, नद्या, राक्षस आणि जादूगार यांचें एक सबंध जग बसवीत असत! चाळीच्या दोन खोल्यांत ज्यानें संसार थाटला असेल, त्यालाच या कौशल्याची खरी किंमत कळेल.

यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता. तें घरच्या टेलिव्हिजनला जोडावें लागे. शिकलेलें लक्षांतही राहत नसे. दर वेळीं कॅसेट वाजवून त्याला सारें नव्यानें शिकवावें लागे. कॅसेट लावली कीं, मांजराची शेपटी दारांत सांपडावी तसा एक कर्कश सूर निघे आणि चार-पांच मिनिटें थांबत नसे. त्या वेळीं पडद्याच्या कडेनें रंगीबेरंगी पट्टे नाचतात असें मामा म्हणाले. आमचा टेलिव्हिजन कृष्णधवल असल्यामुळें आम्हीं ते रंग विश्वासावर घेतले.

‘हें काय ओरडतंय?’ नानांनीं पहिल्या दिवशीं विचारलें.

‘तें शिकतंय, नाना,’ दादा म्हणाला.

‘शिकतांना तुम्ही कधीं एवढे ओरडलां नाहींत. म्हणून हे असे निकाल,’ असें म्हणून नाना वर्तमानपत्राआड गेले.

मामांनीं आणलेल्या दोन कॅसेटींपैकीं एक बुद्धिबळाची होती. दुसरीवर नांव होतें ‘बोअर्ड ऑफ द रिंग्ज’. हा खेळ शब्दांचा. यंत्र सांगतें, तूं अमुक ठिकाणीं आहेस, उत्तरेला वाट आहे, जवळ अमुक वस्तु पडली आहे. आणि आपण एक क्रियापद व एक नाम टंकून उत्तर द्यावयाचें: उत्तरेला जा, दिवा घे, दार उघड. समजलें तर यंत्र गोष्ट पुढें नेतें. न समजलें तर तसें निर्विकारपणें कळवितें. या खेळांचा मूळपुरुष अमेरिकेंतला विल क्राउदर. गुहा धुंडाळण्याचा त्याला छंद होता. केंटकींतल्या मॅमथ गुहेच्या आधारें त्यानें १९७६ च्या सुमारास असा एक खेळ रचला. आपल्या लहान मुलींची करमणूक व्हावी, हाही त्यांत हेतु होता. १९७७ त डॉन वुड्स यानें तो वाढविला, आणि तेथून हें कुळ विस्तारत विस्तारत इंग्लंडांतल्या घरोघरीं पोहोंचलें.

आम्हां भावांना ही संभाषणाची रीत मुळींच नवी वाटली नाहीं. नानांशीं आम्ही जन्मापासून याच रीतीनें बोलत आलों होतों. ‘फी द्या’ म्हटलें कीं ‘किती?’, ‘सहलीला जाऊं?’ म्हटलें कीं ‘पाहूं.’ नानांच्या कोशांत फार तर दहा-बारा उत्तरें असावींत, आणि त्यांत ‘पाहूं’ हें मुख्य. त्याचा अर्थ ‘नाहीं’ असाच असे. परंतु त्याचा स्वर असा कीं, ऐकणाऱ्याच्या हातीं आशेचा एक बारीक धागा राही. यंत्राला त्याहून पुष्कळ अधिक शब्द येत. त्या मानानें तें आम्हांला बोलकेंच वाटलें.

आम्हीं खेळ मोठ्या गांभीर्यानें सुरू केला. मराठी शाळेंतलें इंग्रजी, आणि शेजारीं नानांचा जाडजूड इंग्रजी-मराठी कोश. नायकाचें नांव फोर्डो. त्याच्या सोबत्याचें नांव स्पॅम. ग्रँडाल्फ नांवाचा एक जादूगार. आणि एक अंगठी, जिच्यामुळें हा सारा खटाटोप. स्पॅम हें डब्यांतून विकल्या जाणाऱ्या मांसाचें नांव आहे, हें आम्हांला कोण सांगणार? आमच्या घरीं डब्यांत लाडू असत. कोशांत शब्द सांपडेना, तेव्हां हें त्यांचें कुळनाम असावें असा दादानें निर्णय दिला. जादूगार मूर्खासारखा वागे; तेव्हां तो वेडाचें सोंग घेत असावा असें आम्हीं ठरविलें. ज्ञानी पुरुष बालोन्मत्तपिशाच्चवृत्तीनें राहतात, असें आपल्याकडे सांगितलेलेंच आहे. एखादें उत्तर उर्मट आलें, तर तो आपल्या इंग्रजीचा दोष समजून आम्ही मुकाट्यानें दुसरा शब्द शोधीत असूं. सारांश, सबंध खेळ हा थट्टेचा आहे, ही एक गोष्ट सोडून बाकी सर्व आम्हांला समजलें.

१९८७ च्या जानेवारींत दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि फोर्डोवर मोठें संकट कोसळलें. रविवारीं सकाळीं यंत्राची तार काढून तेथें अँटेनाची तार लावावयाची, अशी नानांची सक्त ताकीद होती. त्या वेळीं चाळींतलीं पंधरा-वीस माणसें आमच्या खोलींत जमत. एका रविवारीं आम्ही अंगठीच्या नादांत वेळ विसरलों. मंडळी आंत येऊन बसली, शेजारच्या आजींनीं पडद्याला हात जोडले, आणि पडद्यावर पाहावें तों इंग्रजी मजकुराच्या ओळीमागून ओळी.

‘आज इंग्रजींतून आहे वाटतं,’ आजी म्हणाल्या.

नानांनीं एक शब्दही न बोलतां तार बदलली.

मालिका संपून मंडळी पांगल्यावर दादानें स्वयंपाकघरांत नानांची नक्कल केली. त्याची ही कला नानांखेरीज घरांत सर्वांना ठाऊक होती. निदान आमची तशी समजूत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वर्तमानपत्राची घडी कांखेंत, आणि ‘तें यंत्र आतां माळ्यावर जाईल. खालीं केव्हां येईल? पाहूं!’ आई तोंडाला पदर लावून हंसत होती. मी भिंतीला टेकलों होतों. तेवढ्यांत आईचें हंसूं एकदम थांबलें. दारांत नाना उभे होते.

ते किती वेळ उभे होते, कोण जाणे. दादाच्या नाकावरचा चष्मा घसरून त्याच्या हातांत आला. नाना पाणी प्यावयास आले होते. त्यांनीं पेला भरला, पाणी प्यायले, पेला पालथा घातला, आणि जातां जातां म्हणाले, ‘पाहूं म्हणतांना माझा आवाज वर जात नाहीं. खालीं येतो.’

यंत्र माळ्यावर गेलें नाहीं.

नाना कोंकणांतले. तरुणपणीं गांवच्या जत्रेंतला दशावतार त्यांनीं कधीं चुकविला नाहीं, हें आईनें आम्हांला पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. त्या खेळांत आधीं काळ्या वेषांतला संकासूर येतो आणि मालवणींत परोपरीच्या कोट्या करून लोकांना हंसवितो. मग त्याच जागीं, त्याच दिव्यांच्या उजेडांत, पुराणांतलें गंभीर आख्यान रंगतें. थट्टेनें देवाचें देवपण उणें होतें असें तेथें कोणाला वाटत नाहीं. एकाच रात्रींत दोघांनाही जागा असते. ज्यानें हें लहानपणापासून पाहिलें, त्याला स्वतःच्या नकलेचा राग कसा यावा? तिच्यांतली चूक मात्र त्याला खपली नसावी.

पुढें १९९२ सालीं महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत जे. आर. आर. टोल्किन यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा ग्रंथ माझ्या हातीं आला. तीन खंडांचा हा ग्रंथ १९५४-५५ सालीं प्रसिद्ध झाला. वाचूं लागलों तों नायकाचें नांव ‘फ्रोडो’. मला वाटलें, छापखान्याची चूक. पुढें स्पॅमचा ‘सॅम’ झालेला पाहून मुद्रितें तपासणाऱ्याची मला कींव आली. ‘गँडाल्फ’ आला, तेव्हां मात्र मी पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलों. इतकीं वर्षें ज्याला आम्ही पुराण समजत होतों, तें विडंबन होतें. आणि विडंबन ज्याचें, तें पुराण आतां कोठें माझ्या हातीं लागलें होतें! मग त्या खेळांतले सारे विनोद सहा वर्षांच्या व्याजासकट एकामागून एक आठवूं लागले. ग्रंथालयाच्या शांततेंत मी मोठ्यानें हंसलों आणि ग्रंथपालांनीं मला बाहेर जावयास सांगितलें. त्या वेळीं मी कोणता प्रसंग वाचीत होतों? राक्षसाशीं झुंजतांना तो थोर जादूगार खोल दरींत कोसळतो, तो! जेथें इतर वाचकांचे डोळे भरून येतात, तेथें मी हंसलों होतों.

मला त्या खेळाचा रागच आला. एका महान् ग्रंथाचा पहिला आनंद त्यानें मजपासून कायमचा हिरावून घेतला होता. पुढें मीं तो ग्रंथ पूर्ण वाचला, पुनः वाचला; परंतु करुण प्रसंग आला कीं मागून फोर्डो डोकावल्याशिवाय राहत नसे. आपल्या घरांत हा चोर शिरला तरी कसा, हें पाहावें म्हणून मी त्याच्या कुळकथेच्या मागें लागलों.

पाहतों तों त्याचें नांवसुद्धां उसनें. १९६९ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतल्या ‘लॅम्पून’ या विनोदी नियतकालिकाच्या हेन्री बिअर्ड आणि डग्लस केनी या दोघांनीं टोल्किनच्या ग्रंथाचें विडंबन याच नांवानें प्रसिद्ध केलें होतें. खेळ १९८५ सालचा. तो रचणारा फर्गस मॅकनील त्या वेळीं अवघा सोळाच्या आसपासचा. ‘डेल्टा ४’ हें त्यानें आणि त्याच्या मित्रांनीं आपल्या मंडळाला दिलेलें नांव. १९८३ सालीं वेल्समधल्या बॅरी गांवच्या ‘गिलसॉफ्ट’नें ‘द क्विल’, म्हणजे पिसाची लेखणी, या नांवाचें एक साधन विक्रीस काढलें होतें. ग्रॅम यिअँडल यानें तें तयार केलें. यंत्राची भाषा न शिकतांही त्याच्या योगानें कोणालाही असा शब्दांचा खेळ रचतां येई. हीच लेखणी त्या पोरानें उचलली.

१९८६ सालीं त्यानें ‘द बॉगिट’ हा दुसरा खेळ काढला. टोल्किन यांची ‘द हॉबिट’ ही कथा १९३७ सालची. तिच्यावर ऑस्ट्रेलियांतल्या मेलबर्न येथें एक गंभीर खेळ तयार होऊन १९८२ सालीं बाहेर पडला होता आणि फार नांवाजला होता. त्याच्यासोबत मूळ पुस्तकाची प्रतही मिळे. मॅकनीलनें एका दगडांत दोन पक्षी मारले: पुस्तकाचीही थट्टा, आणि त्या खेळाचीही. गंभीर खेळांतला थोरिन हा बुटक्यांचा पुढारी ऐन अडचणीच्या वेळीं मध्येंच खालीं बसून सोन्याचीं गाणीं म्हणूं लागे. किती मुलांनीं त्याच्या पायीं कपाळाला हात लावला असेल! परंतु ही खोड कोणाला ठाऊक होणार? ज्यानें त्याच्याबरोबर रात्रीच्या रात्री काढल्या असतील, त्याला. आणि ज्याला खोड ठाऊक, त्यालाच तिची नक्कल सुचणार. टेरी प्रॅचेट यांच्या ‘द कलर ऑफ मॅजिक’ या कादंबरीवरचा खेळही १९८६ सालीं याच मंडळानें रचला. थट्टेखोरांच्या हातीं अस्सल ग्रंथ विश्वासानें देणारा कोणीतरी निघाला, हें वाचून माझा राग थोडा निवळला.

आपल्याकडे केशवकुमारांचीं ‘झेंडूचीं फुलें’ १९२५ सालीं निघालीं. त्यांना हंसणाऱ्या पुष्कळांनीं मूळ कविता वाचलेल्याही नसतात. कांहीं कविता तर आतां विडंबनाच्या आधारानेंच लोकांच्या आठवणींत तग धरून आहेत. त्यावरून मला वाटूं लागलें कीं, विडंबन करणारा हा मूळ लेखकाचा शत्रु नव्हे. शत्रूला दोष दिसतात. लकबी दिसत नाहींत. लकबी दिसावयाला घरचेंच माणूस लागतें. नानांवर रागावलेले लोक कचेरींत आणि चाळींत थोडे नव्हते. पण त्यांतल्या एकालाही नानांची नक्कल करतां आली नसती. ती दादालाच साधे, कारण एका ‘पाहूं’मधली निराशा आणि आशा यांचें नेमकें प्रमाण त्यानें वर्षानुवर्षें कान देऊन मोजलें होतें.

नाना २००८ सालीं गेले. त्यानंतर दादानें ती नक्कल केली नाहीं, आणि कर म्हणून कोणीं म्हटलेंही नाहीं. भिंतीवर त्यांचा फोटो आहे. आवाज मात्र कोठेंच नाहीं. त्या काळीं घरांत टेपरेकॉर्डर होता, कॅसेटी होत्या. त्या यंत्राचा पांच पांच मिनिटांचा आरडाओरडा आम्हीं जिवापाड जपला होता. नानांचा आवाज एकदां तरी धरून ठेवावा, हें दोघांपैकीं एकालाही सुचलें नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत मी दादाकडे गेलों होतों. माझी पुतणी आतां सोळा वर्षांची आहे. टोल्किनचा ग्रंथ तिनें वाचला आहे. २००१ ते २००३ या वर्षांत निघालेले तिन्ही चित्रपटही पाहिले आहेत. आमची ही हकीकत ऐकून तिनें घटकाभरांत तो खेळ आपल्या संगणकावर आणून उभा केला. आमचें यंत्र तर केव्हांच बंद पडलें. परंतु त्याची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम आतां मिळतात, आणि ते नव्या संगणकाला स्पेक्ट्रमचें सोंग घ्यावयास लावतात. म्हणजे ग्रंथाचें विडंबन, त्या विडंबनाचें नांव उचललेला खेळ, आणि तो खेळ चालविणारें यंत्रही नकली! सुरुवातीला तोच कर्कश सूर निघाला आणि पडद्याच्या कडेनें पट्टे नाचूं लागले. तांबडे, निळे, पिवळे. मामा खरें सांगत होते.

पुतणी पहिल्याच कांहीं ओळींत हंसूं लागली. तिनें क्रम बरोबर पाळला होता: आधीं अस्सल, मग नक्कल. आम्ही दोघे भाऊ तिच्या मागें उभे राहून, पन्नाशी उलटल्यावर, त्या खेळाला प्रथमच वेळच्या वेळीं हंसलों. मग एका ठिकाणीं ती अडली. तिनें काय काय टंकून पाहिलें. यंत्र दाद देईना.

‘आतां काय करायचं, बाबा?’

दादा पडद्याकडे पाहत होता. ‘पाहूं,’ तो म्हणाला.

चष्मा नाकाच्या शेंड्यावर नव्हता. कांखेंत वर्तमानपत्र नव्हतें. तो नक्कल करीतच नव्हता. परंतु आवाज वर गेला नाहीं, खालीं आला. मीं दादाकडे पाहिलें. त्यानेंही माझ्याकडे पाहिलें.

‘हा कुणाचा आवाज काढलात?’ पुतणीनें विचारलें. नाना गेले तेव्हां तिचा जन्म व्हावयाचा होता.

‘तुझ्या आजोबांचा,’ मी म्हणालों.

‘असे बोलायचे ते?’

‘असेच.’

तिनें तो शब्द स्वतः एकदां म्हणून पाहिला. तिचा आवाज वर गेला.

‘वर नाहीं,’ दादा म्हणाला. ‘खालीं.’